प्रेत कोण उचलणार? तत्त्वचिंतनपर कादंबरीची पटकथा करताना

तत्त्वचिंतनपर कादंबरीवर चित्रपट करायला निघालेला माणूस बहुतेकदा तिच्यातल्या विचारांच्या प्रेमात असतो आणि पहिली चूक तिथेच होते. पेन्सिलीने खुणा केलेली वाक्यं तो उचलतो आणि पात्रांच्या तोंडी घालतो. मग पडद्यावर दोघं जण खुर्च्यांत बसून मृत्यू, ईश्वर, स्वातंत्र्य यांवर बोलत राहतात. वाचक मध्येच थांबू शकतो, मागचं पान पुन्हा वाचू शकतो. प्रेक्षकाला ती सोय नाही. म्हणून कादंबरीत वाक्यं शोधू नका, अडचण शोधा. अशी अडचण, की पात्राला नुसता विचार करत बसणं परवडणार नाही.

यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' या १९६५ सालच्या कन्नड कादंबरीत ही अडचण पहिल्या काही पानांतच समोर येते. ब्राह्मण्य जन्मात आहे, आचारात आहे की आणखी कशात, हा कादंबरीचा प्रश्न. नुसता असा मांडला तर तो व्याख्यानाचा विषय होईल. पण कादंबरीत अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, नारणप्पा मरून पडला आहे. आयुष्यभर त्याने आचार मोडला, तरी त्याला बहिष्कृत मात्र कुणी केलं नव्हतं. मग अंत्यसंस्कार करायचे कुणी? आणि प्रेत उचललं जात नाही तोवर गावात कुणाला जेवता येत नाही. प्रेत कुजतंय, घराघरांत भूक आहे, उंदीर मरून पडताहेत, गिधाडं उतरताहेत. निर्णय द्यायचा आहे विद्वान प्राणेशाचार्यांनी, आणि पोथ्यांत उत्तर सापडत नाही. ज्याला धर्मशास्त्राचं अक्षर कळत नाही, त्यालाही इथे काय पणाला लागलंय ते कळतं.

तुमच्या कादंबरीतलं 'प्रेत' कोणतं, हे एका वाक्यात लिहा: अमुक माणसाला अमुक वेळेच्या आत अमुक गोष्ट करायची किंवा टाळायची आहे, आणि दोन्हींची किंमत मोठी आहे. वाक्यात 'शोध', 'जाणीव', 'प्रवास' असे शब्द आले तर ते खोडून पुन्हा लिहा. दहा-बारा प्रयत्नांनंतरही वाक्य जमलं नाही, तर ती कादंबरी बाजूला ठेवणं शहाणपणाचं.

हे वाक्य सापडायला तीन वाचनं लागतात. पहिलं हातात पेन्सिल न घेता. ते संपल्यावर दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता आठवतील त्या पंधरा-वीस गोष्टी लिहून काढा. चित्रपटाचा सांगाडा बहुतेक याच यादीत असतो. दुसरं वाचन तीन रंगांच्या पेन्सिलींनी: दिसतं-ऐकू येतं ते एका रंगाने, पात्र मनात म्हणतं ते दुसऱ्या, निवेदक सांगतो ते तिसऱ्या. तिसऱ्या वाचनात पहिल्या रंगाचाच मजकूर सलग वाचा. गोष्ट कुठे तुटते ते लगेच दिसतं, आणि नवे प्रसंग नेमके तिथेच रचावे लागतात.

हे सगळं करण्याआधी, म्हणजे वनलाइन (प्रसंगांचा थोडक्यात आराखडा) लिहिण्याच्याही आधी, कादंबरीचे हक्क घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. हस्तांतरण लेखीच हवं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. असे चित्रपट उभे राहायला वेळ लागतो, म्हणून दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. अनुवादावरून काम करणार असाल तर अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. आणि हक्क विकल्यावरही, आपल्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा आली तर दाद मागण्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार लेखकाकडेच राहतो. मोठे बदल करायचे असतील तर ते आधीच लेखकाशी किंवा वारसांशी बोलून घ्या.

आता कापाकापी. ३०० पानी कादंबरीत साधारण ८० ते ९० हजार शब्द असतात. ११० पानी पटकथेत, पानाला एक मिनिट या हिशेबाने, वीस-पंचवीस हजारच मावतात. म्हणजे तीन चतुर्थांश मजकूर जाणार हे धरूनच बसायचं. एका कार्डावर एक प्रसंग लिहा आणि साठ-सत्तर कार्डांत भागवा. चित्रपट संथ असेल तर पन्नासही पुरतात. प्रत्येक कार्डाच्या मागे लिहा, 'या प्रसंगानंतर काय बदललं?' उत्तर 'विचार स्पष्ट झाला' असं आलं तर कार्ड फाडा.

खरी गोची मध्यावर होते. 'संस्कार'मध्ये आचार्य मारुतीच्या देवळात कौल मागत बसतात आणि देव काही कौल देत नाही. रात्री रानात नारणप्पाच्या सोबतिणीशी, चंद्रीशी, त्यांचा संग होतो. तिकडे चंद्री एका मुसलमान माणसाच्या मदतीने प्रेताला गुपचूप अग्नी देते. प्रेत गेलं, घड्याळ थांबलं! पुढचं जवळजवळ सगळं आचार्यांच्या भटकंतीत आणि मनात घडतं. अशा ठिकाणी पटकथाकार पार्श्वनिवेदनाला (चित्रावर नुसत्या आवाजात ऐकू येणाऱ्या निवेदनाला) हात घालतो आणि चित्रपट बसतो. त्यापेक्षा इथे दुसरं वाक्य लिहा. आचार्यांच्या बाबतीत ते तयारच आहे: घडलेलं गावाला सांगायचं की लपवायचं? हे एकदा ठरलं की वाटेत भेटणारा बडबड्या पुट्टा हा नुसता सोबती राहत नाही, ओळख उघडी पडण्याचा धोका होतो. सुतकात असताना देवळातल्या पंगतीला बसणं हा साधा प्रसंगही ताणाचा होतो.

मनातला विचार बाहेर आणायचे मार्ग मोजकेच आहेत: विरोधी मताचा माणूस, हातातली वस्तू, टाळाटाळ. यांत टाळाटाळ सर्वांत सिनेमाची. माणूस दाराशी येतो, कडीला हात लावतो, परत फिरतो. यावर संवाद लागत नाही. विरोधी माणूस वापरायचा असेल तर सर्वांत धारदार युक्तिवाद त्याला द्या, नायकाला नव्हे. नारणप्पा मेलेला असूनही आचार्यांना भारी पडतो, म्हणून ती कादंबरी उभी राहते.

थॉमस मान यांच्या १९१२ सालच्या 'डेथ इन व्हेनिस'वर लुकिनो विस्कोंतींनी १९७१ मध्ये केलेला चित्रपट या बाबतीत पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे, कारण बरोबर आणि चूक दोन्ही त्यात सापडतं. मूळ नायक लेखक आहे. विस्कोंतींनी त्याला संगीतकार केलं. लिहिणारा माणूस पडद्यावर नुसता बसलेला दिसतो, संगीतकाराचं आतलं मात्र ऐकवता येतं. संगीतकार मालरच्या पाचव्या सिंफनीतला संथ भाग त्या माणसाचं स्वगतच होऊन जातो. पण त्याच चित्रपटात आल्फ्रेड नावाचा मित्र आहे. फ्लॅशबॅकमध्ये तो नायकाशी सौंदर्यावर वाद घालतो, आणि तेवढा वेळ चित्रपट पुस्तकासारखा बोलू लागतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका नजरेत जे आलंय, तेच पुन्हा शब्दांत.

पार्श्वनिवेदन नकोच असं नाही. मात्र संकलनाच्या टेबलावर ते पूर्ण बंद करून प्रसंग पाहा. अर्थ तोच राहिला तर निवेदन काढा. काहीच कळेनासं झालं तर प्रसंग पुन्हा लिहा. निवेदन एक सांगतंय आणि चित्र दुसरं, असं असेल तरच ते ठेवण्याजोगं.

रूढी-नियमांवर उभी असलेली कादंबरी दुसऱ्या प्रदेशात नेताना विशेष सांभाळा. चिं. त्र्यं. खानोलकरांची कोकणातली 'कोंडुरा' श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये आंध्रात नेली आणि हिंदीबरोबर तेलुगूतही केली. असं नेताना आधी पाहायचं ते हे, की कथेला धरून ठेवणारा नियम, म्हणजे व्रत, शाप, सुतक, नव्या जागी तितकाच जाचक आहे का. आणि तो नियम प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत कळायला हवा, तोही कुणाच्या तरी नुकसानीतून. भुकेलं पोर ताटाकडे पाहतं आणि आई ताट उचलून नेते, एवढं पुरतं.

शेवटाशी बहुतेक रूपांतरं घसरतात. आर. के. नारायण यांच्या 'गाइड'च्या (१९५८) शेवटी डोंगरात पाऊस पडतोय असं राजू म्हणतो आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का, हे वाचकाला कळत नाही. १९६५ च्या हिंदी चित्रपटात पाऊस धो धो कोसळतो. प्रेक्षक सुखावतो, पण संशयातून आलेली श्रद्धा हा जो कादंबरीचा गाभा, तो चमत्कारात विरघळतो. उलट सगळंच अधांतरी ठेवलं तर प्रेक्षक चिडतो, आणि त्याचं बरोबरच असतं. 'संस्कार'च्या शेवटी आचार्य गावाकडे परत निघालेत. गाव काय करेल ते माहीत नाही. माणसाचा निर्णय पक्का, जगाचं उत्तर मोकळं, हा हिशेब बहुतेक कादंबऱ्यांना लागू पडतो.

चित्रीकरणात प्रत्येक महत्त्वाच्या संवादानंतर कॅमेरा दहा-पंधरा सेकंद चालू ठेवायला सांगा. बोलणं संपल्यावर चेहऱ्यावर जे उरतं, तेच पुढे कामी येतं. त्या जागेवर बासरी किंवा तानपुरा टाकून 'इथे गहन काही चाललंय' असं सुचवू नका (हा मोह सगळ्यांनाच होतो). विषय धर्माचा किंवा जातीचा असेल तर प्रमाणपत्रासाठी वेळापत्रकात चार-सहा महिने जादा धरा. पट्टाभिराम रेड्डींनी याच कादंबरीवर केलेला 'संस्कार' हा चित्रपट सेन्सॉरने आधी रोखला होता. नंतर त्याच चित्रपटाला १९७० चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पहिला कट, म्हणजे संकलनानंतरचं पहिलं रूप, कादंबरी न वाचलेल्या सहा जणांना दाखवा. 'आवडला का' असं विचारू नका. त्या माणसाला काय करायचं होतं, दुसरा मार्ग त्याने का धरला नाही, आणि तुम्ही घड्याळाकडे कधी पाहिलंत, एवढंच विचारा. पहिल्या दोन प्रश्नांना सहाही जणांनी वेगवेगळी उत्तरं दिली तर दोष संकलनात नसून पटकथेच्या पहिल्या वीस पानांत आहे. तिथलेच एक-दोन प्रसंग पुन्हा चित्रित करण्यापुरते पैसे आणि तारखा आधीपासून राखून ठेवा.