एलईडी पट्टी मंद करताना मॉसफेट जळतोय? या चुका टाळा

ओट्यावरची पाच मीटरची पट्टी रात्री मंद करायची, एवढंच काम होतं. पहिला मॉसफेट (पट्टीचा करंट चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) दहा मिनिटांत हात लावू देईना. दुसरा गेला तेव्हा पट्टी बंदच होईना. मी बोर्डचा प्रोग्राम तपासत बसलो आणि दोष निघाला मॉसफेटच्या गेटच्या, म्हणजे उघडझापीचा सिग्नल घेणाऱ्या पायाच्या, व्होल्टेजमध्ये.

दुकानात समोर दिसला म्हणून आयआरएफ५४०एन हा मॉसफेट उचलला होता. डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) गेटचा थ्रेशोल्ड २ ते ४ व्होल्ट. वाटलं, माझ्या ईएसपी३२ बोर्डच्या पिनचे ३.३ व्होल्ट चालून जातील. पण थ्रेशोल्ड म्हणजे दार नुसतं किलकिलं होणं. तिथे करंट मोजतात तो पाव मिलिअँपिअर. ४४ मिलिओहम रेझिस्टन्स मिळतो तो गेटवर १० व्होल्ट दिल्यावर. माझी पट्टी १२ व्होल्टची, मीटरला १४.४ वॉट, म्हणजे एकूण ६ अँपिअर. अर्धवट उघड्या मॉसफेटवर २ व्होल्ट जरी अडकले तरी १२ वॉट उष्णता झाली. हीटसिंक नसलेल्या टीओ-२२० चं (या मॉसफेटच्या कवचाचा प्रकार) तापमान दर वॉटमागे साधारण ६२ अंशांनी चढतं. पुढचं गणित नाकालाच कळतं.

त्याऐवजी आयआरएलझेड४४एन हा कमी व्होल्टेजवर उघडणारा मॉसफेट घ्या. गेटवर ५ व्होल्ट असताना जास्तीत जास्त २५ मिलिओहम, म्हणजे ६ अँपिअरला ०.९ वॉट. मात्र ३.३ व्होल्टची हमी त्याच्याही डेटाशीटमध्ये नाही. ईएसपी३२ असेल तर मध्ये ५ व्होल्टवर चालणारी ७४एचसीटी१२५ ही सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी चिप टाका; तिला ३.३ व्होल्टचा सिग्नल नीट समजतो.

बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर या कामाला आणूच नका, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. टीआयपी१२० हा मोठा ट्रान्झिस्टर जुन्या सर्किटांत दिसतो, पण ३ अँपिअरला तो एकटा २ व्होल्टपर्यंत खातो.

पूर्ण उजेडात थंड आणि मंद केल्यावर गरम? मग पीडब्ल्यूएमची (उजेड कमी करायला पट्टी झपाझप चालू-बंद करण्याची) फ्रिक्वेन्सी पाहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात लुकलुक दिसते म्हणून लोक ती २० किलोहर्ट्झवर नेतात. गेटला २२० ओहमचा रेझिस्टर असेल तर दर वेळी उघडझाप व्हायला दोन-तीन मायक्रोसेकंद जातात, आणि सेकंदाला चाळीस हजार वेळा तेच झालं की चारेक वॉट तिथेच जळतात. अर्डुइनो ऊनो बोर्डच्या बहुतेक पिनांच्या मूळ ४९० हर्ट्झला हा खर्च नगण्य असतो. फ्रिक्वेन्सी वाढवायचीच असेल तर गेट ड्रायव्हर (गेटची उघडझाप झटकन करणारी चिप) लावा.

बोर्ड रीसेट होताना पट्टी भपकन पेटते? गेट लोंबकळतंय, म्हणजे त्याला ठरावीक व्होल्टेजच मिळत नाहीये. गेट ते ग्राउंड १० किलोओहम लावा. बोर्डचं आणि पट्टीच्या सप्लायचं ग्राउंड जोडलेलं आहे ना, तेही बघा. वरच्यासारख्या एन-चॅनेल मॉसफेटची पट्टी ड्रेनच्या (करंट आत येतो त्या पायाच्या) बाजूला हवी. सोर्सला (करंट बाहेर पडतो त्या पायाला) जोडली तर सोर्सचं व्होल्टेज वर चढतं आणि गेटचे ५ व्होल्ट तोकडे पडतात.

पट्टी बंदच होत नसेल तर सप्लाय काढून मॉसफेट सुटा करा आणि मल्टिमीटर लावा. ड्रेन-सोर्स दोन्ही दिशांनी बीप देत असतील तर तो गेला. नवा लावण्याआधी जुन्याचे गेट-ड्रेनही तपासा. तेही शॉर्ट असतील तर १२ व्होल्ट मागे बोर्डच्या पिनपर्यंत पोचून ती जळालेली असू शकते, आणि मग नव्या मॉसफेटला सिग्नलच मिळणार नाही.