पाच वर्षांत विधानसभेत कोण किती? आपली वही आपण कशी ठेवायची

टीव्हीवर कोण १६४ म्हणतं, कोण १७० म्हणतं, आणि व्हॉट्सअपवर तिसराच आकडा फिरत असतो. पण आमदार कुठे किती हे मोजायला राजकारणातलं फार कळायला लागत नाही, एक वही किंवा एक्सेल शीट आणि थोडी चिकाटी एवढं बास. मी महाराष्ट्राच्या १४व्या विधानसभेची, म्हणजे २०१९ ते २०२४ची, अशी शीट ठेवली होती. ती कशी करायची ते सांगतो, उदाहरणं सगळी तिथलीच, कारण आपल्या राज्यात एका टर्ममध्ये इतकी उलथापालथ झालेली मी तरी दुसरी पाहिली नाही, ही टर्म मांडता आली की बाकी कुठलीही येईल.

सुरुवातीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की पक्षांची यादी करून बसू नका. मतदारसंघांची यादी करा. १ नंबर अक्कलकुवा, २८८ नंबर जत, मधे सगळे ओळीने, प्रत्येकाला एक ओळ. निवडणूक आयोगाच्या निकालात हाच क्रम असतो त्यामुळे उतरवायला सोपं जातं. पक्ष फुटतो, नाव बदलतं, चिन्ह बदलतं, माणूस इकडचा तिकडे जातो, पण सांगोला सांगोलाच राहतं, म्हणून हिशोब जागेचा धरायचा.

रकाने असे करा: क्रमांक, मतदारसंघ, आमदाराचं नाव, निवडून आला तेव्हाचा पक्ष, आत्ता कुठल्या बाजूला, जागा रिकामी असेल तर कुठल्या तारखेपासून आणि का. यातला "निवडून आला तेव्हाचा पक्ष" हा रकाना एकदा भरला की त्याला हात लावायचा नाही, काहीही झालं तरी. पोटनिवडणूक झाली तरी जुनं खोडू नका, खाली नवीन ओळ घाला. बहुतेक लोकांची गडबड इथेच होते, ते पक्ष आणि बाजू एकाच रकान्यात घालतात आणि मग २०२२ उजाडलं की सगळी शीट खाडाखोड होऊन बसते.

पहिल्या दिवसाची मांडणी. २१ ऑक्टोबर २०१९ला मतदान, २४ला निकाल. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. बहुजन विकास आघाडी ३, एमआयएम २, समाजवादी २, प्रहार २. मग एकेक जागावाले सात: मनसे, माकप, जनसुराज्य, शेकाप, रासप, स्वाभिमानी, क्रांतिकारी शेतकरी पक्ष. अपक्ष १३. बेरीज करा, २८८ यायलाच हवी. चार मोठे २५९ आणि बाकी सगळे मिळून २९. हा २९ लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता दुसरी शीट, तारखांची. टर्म निकालापासून मोजत नाहीत, सभागृहाच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं मोजतात. इथे शपथविधीची बैठक २७ नोव्हेंबर २०१९ला झाली, म्हणून मुदत २६ नोव्हेंबर २०२४पर्यंत. या शीटमध्ये सत्ता कोणाची हे तारखेनिशी लिहायचं: १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट, २३ला पहाटे ती उठली आणि सकाळी देवेंद्र फडणवीस व अजित पवारांचा शपथविधी, २६ला राजीनामा, २८ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंची शपथ. ३० जून २०२२पासून एकनाथ शिंदे, ते थेट टर्म संपेपर्यंत. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, विरोधी पक्षनेता कोण हेही इथेच लिहा, कारण सभागृहावर ताबा कोणाचा हे फक्त मुख्यमंत्र्यावरून कळत नाही. नाना पटोलेंनी फेब्रुवारी २०२१मध्ये अध्यक्षपद सोडलं आणि ३ जुलै २०२२पर्यंत ती खुर्ची रिकामी होती, उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम बघत होते. जवळपास दीड वर्ष. त्या वेळी हे कुणाला फार मोठं वाटलं नाही, पण पुढे अपात्रतेच्या नोटिसा कोण काढणार इथे सगळं प्रकरण आलं तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीची किंमत कळली.

आता बहुमत. यात तीन वेगवेगळे आकडे असतात आणि तीन वेगळे कप्पे करा. पहिला कागदावरचा, २८८चे अर्ध्याहून एक जास्त म्हणजे १४५. दुसरा जागा रिकाम्या असतील त्या वजा करून उरलेल्यांचा. तिसरा त्या दिवशी हजर राहून मत देणाऱ्यांचा, आणि विश्वासदर्शक ठरावाला हा तिसराच चालतो. ३० नोव्हेंबर २०१९ला ठाकरे सरकारला १६९ मतं पडली, विरोधात शून्य, चारजण तटस्थ, भाजपने सभात्याग केला. म्हणजे "विरोधात शून्य" याचा अर्थ विरोधक नाहीत असा होत नाही. १६९ अधिक ४ अधिक खुर्चीतले हंगामी अध्यक्ष दिलीप वळसे पाटील म्हणजे १७४, उरले ११४, ते बाहेर. असं प्रत्येक मतदान २८८पर्यंत नेऊन भिडवायचं, एकही आमदार बेपत्ता राहता कामा नये.

खुर्चीतला माणूस विसरू नका हां. समसमान मतं पडली तरच अध्यक्ष मत देतात. ३ जुलै २०२२ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीत राहुल नार्वेकरांना १६४ विरुद्ध १०७ आणि दुसऱ्या दिवशी शिंदे सरकारच्या ठरावाला १६४ विरुद्ध ९९. दोन्ही दिवशी १६४ म्हणून बऱ्याच जणांनी तेच १६४ धरले, पण ते तेच नव्हते, नार्वेकर दुसऱ्या दिवशी खुर्चीत असल्याने त्यांचं मत नाही आणि कळमनुरीचे संतोष बांगर आदल्या दिवशी समोरच्या बाजूला होते ते या दिवशी शिंदेंकडे आले. म्हणून आकड्याखाली नावं लिहायची सवय ठेवा.

आता जागा रिकामी कधी धरायची. निधन, राजीनामा, अपात्रता. बास. तुरुंगात असलेला आमदार आमदारच असतो. जून २०२२च्या राज्यसभा निवडणुकीत अनिल देशमुख आणि नवाब मलिक तुरुंगात होते, कोर्टाने मतदानाला सोडलं नाही, अंधेरी पूर्वचे रमेश लटके मे महिन्यात गेलेले. म्हणजे २८८ वजा १, सदस्य २८७, त्यातले दोन येऊ शकले नाहीत, मतदान २८५. एक मत बाद झालं, उरली २८४. तसंच निलंबन. ५ जुलै २०२१ला भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, शीटमध्ये भाजप १०६च ठेवायचे आणि शेजारी शेरा लिहायचा की सभागृहात ९४. २८ जानेवारी २०२२ला सुप्रीम कोर्टाने ते निलंबन रद्द केलं, अधिवेशनापुरतंच निलंबित करता येतं म्हणून. तुम्ही त्या १२ ओळी खोडल्या असत्या तर परत लिहीत बसावं लागलं असतं.

भाजप १०५चे १०६ कसे झाले? आमच्या पंढरपूरमुळे. माझं गाव मंगळवेढ्याकडचं, तो भाग याच मतदारसंघात येतो. नोव्हेंबर २०२०मध्ये भारतनाना भालके गेले, एप्रिल २०२१मध्ये ऐन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मतदान झालं, शाळेच्या पटांगणात चुन्याने आखलेल्या गोलांत उभं राहून मी मत दिलंय. २ मेला निकाल, नानांचे चिरंजीव भगीरथ पडले, भाजपचे समाधान आवताडे आले. राष्ट्रवादी ५४ची ५३. गावात लोक निकालाचं बोलतच नव्हते, कुणाच्या घरात कोण अॅडमिट आहे हेच चाललेलं, पण वहीत मी त्या रात्री ती ओळ लिहिली, आणि खरं सांगायचं तर तेव्हापासून ही वही मी नेमाने ठेवायला लागलो. आपल्या भागाची ओळ बदलली की आकड्यामागे माणूस असतो हे जाणवतं.

बाकीच्या पोटनिवडणुका पटकन. देगलूर आणि कोल्हापूर उत्तर काँग्रेसने राखल्या. अंधेरी पूर्वला ऋतुजा लटके ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर आल्या, भाजपने उमेदवार मागे घेतलेला, आणि दुसऱ्या नंबरवर नोटा, १२,८०६ मतं. मार्च २०२३मध्ये चिंचवड भाजपने राखलं आणि कसबा गेलं, तिथे काँग्रेसचे रवींद्र धंगेकर. म्हणून काँग्रेस ४४ची ४५ आणि भाजप परत १०५.

आता अवघड भाग, फूट. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ला ती सोय काढून टाकली. आता दोन तृतीयांश आणि तेही दुसऱ्या पक्षात विलीन होत असतील तरच संरक्षण. शिंदे गटाने विलीनीकरण केलंच नाही, त्यांचं म्हणणं आम्हीच शिवसेना. १७ फेब्रुवारी २०२३ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण त्यांना दिलं, आमदारांचा हिशोब ५५पैकी ४० (निवडून आलेले ५६, पण फुटीच्या वेळी लटके हयात नव्हते). अजित पवार २ जुलै २०२३ला विरोधी पक्षनेतेपदावरून थेट उपमुख्यमंत्री झाले आणि ६ फेब्रुवारी २०२४ला घड्याळ त्यांच्याकडे गेलं. अध्यक्षांचा निकाल शिवसेनेबाबत १० जानेवारी २०२४ला आणि राष्ट्रवादीबाबत १५ फेब्रुवारीला, दोन्हीत दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र नाही.

मग शीटमध्ये काय करायचं? जागा एकही रिकामी झाली नाही, म्हणून ओळी तशाच. पहिला पक्षाचा रकाना तसाच, "शिवसेना" म्हणजे "शिवसेना". फक्त बाजूचा रकाना बदलायचा आणि तारीख घालायची. ११ मे २०२३च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातली एक गोष्ट मात्र शेऱ्यात जरूर लिहा, व्हीप (म्हणजे प्रतोद) आणि गटनेता राजकीय पक्ष नेमतो, आमदारांचा गट नाही. "आमच्याकडे इतके आमदार" एवढ्यावर प्रश्न का संपत नाही ते यावरून समजतं. पक्षांतर झालं की मतदाराचं मत कुठे गेलं हे कुणीतरी लिहून ठेवायलाच पाहिजे, आणि तो मूळ पक्षाचा रकाना म्हणजे मतदाराचंच मत आहे, म्हणून मी त्याबाबत एवढा हट्टी आहे.

शेवटची पायरी ताळा. १२ जुलै २०२४ला विधान परिषदेच्या ११ जागांसाठी आमदारांनी मतदान केलं. बातम्यांत आलं की २७४ आमदार मत देणार. आपली शीट बरोबर असेल तर रिकाम्या जागा १४ यायला पाहिजेत. बघू.

निधन चार: अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा, खानापूरचे अनिल बाबर, कारंजाचे राजेंद्र पाटणी, करवीरचे पी. एन. पाटील. शिक्षा होऊन अपात्र एक, सावनेरचे सुनील केदार. राजीनामे तीन, भोकरचे अशोक चव्हाण, उमरेडचे राजू पारवे, पारनेरचे निलेश लंके. खासदार होऊन जागा सोडलेले सहा: प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे, रवींद्र वायकर, संदिपान भुमरे. झाले १४. पोटनिवडणुका का नाहीत, तर टर्म वर्षापेक्षा कमी उरली असेल तर घ्यायची गरज नसते, अकोला पश्चिमची जाहीर झालेली पण नागपूर खंडपीठाने याच कारणाने रद्द केली.

आता मूळ पक्षाच्या रकान्याने बेरीज. भाजप १०५ वजा २, १०३. काँग्रेस ४५मधून केदार, चव्हाण, पारवे, पाटील आणि खासदार झालेले चार गेले, ३७. शिवसेना दोन्ही बाजू मिळून ५६ वजा बाबर, वायकर, भुमरे, ५३. राष्ट्रवादी दोन्ही मिळून ५३ वजा लंके, ५२. आणि ते सुरुवातीचे २९, त्यातली एकही जागा पाच वर्षांत रिकामी झालेली नव्हती. १०३, ३७, ५३, ५२, २९. झाले २७४.

ही बेरीज जुळली त्या रात्री मी शीट तीनदा वरून खाली तपासली, इतकं बरं वाटलं. पुढचं गणितही मग आपोआप येतं, २७४ला ११ अधिक १ म्हणजे १२ने भागा, २२.८३ येतात, म्हणून जिंकायला पहिल्या पसंतीची २३ मतं. महायुतीचे ९ही आले आणि शेकापचे जयंत पाटील पडले. मतदान गुप्त असतं, त्यामुळे कोणी कुणाला दिलं हे शीटमध्ये लिहायचं नाही, कितीही नावं चर्चेत असली तरी. तिथे फक्त बेरीज लिहा आणि पुढे "गुप्त मतदान" एवढाच शेरा.

माहिती कुठून घ्यायची तर निवडणूक आयोगाची साईट, विधिमंडळाच्या साईटवरची सदस्यांची यादी आणि राजपत्र. बातमीवरून नोंद करायची असेल तर पेन्सिलने करा, एक्सेल असेल तर पिवळा रंग द्या, आणि अधिसूचना निघाली की पक्की करा. राजीनामा दिला ही बातमी वेगळी आणि अध्यक्षांनी तो स्वीकारला ही वेगळी, तारीख दुसरीची लिहायची.

१५व्या विधानसभेची शीट सुरू करायची असेल तर २३ नोव्हेंबर २०२४चा निकाल घ्या आणि रकाने सगळे तेच ठेवा, फक्त "शिवसेना" आणि "राष्ट्रवादी" नुसतं लिहू नका, यावेळी चिन्हही लिहा.