सगळ्या प्रोजेक्टांना एकच लिंट नियमावली: पॅकेज असं बनवा

आमच्या टीमकडे सहा वेब प्रोजेक्ट आहेत. गेल्या वर्षीपर्यंत प्रत्येकात ईएसलिंटची (जावास्क्रिप्ट कोडमधल्या चुका आपोआप शोधणाऱ्या साधनाची) वेगळी नियमांची फाइल होती, आधीच्या प्रोजेक्टातून जशीच्या तशी उचलून आणलेली. त्यातल्या एका ऑनलाइन दुकानात सवलतीचं कूपन फक्त जुन्या गिऱ्हाइकांना द्यायचं होतं. पात्रता तपासणारं फंक्शन असिंक होतं, म्हणजे उत्तर थोड्या वेळाने देणारं, आणि इफच्या कंसात ते बोलावताना मी अवेट, म्हणजे ‘उत्तर येईपर्यंत थांब’, लिहायला विसरले. अवेट नसलं की हातात उत्तर येत नाही, प्रॉमिस येतं, म्हणजे उत्तर नंतर देण्याचं नुसतं आश्वासन. प्रॉमिस म्हणजे ऑब्जेक्ट, त्यामुळे इफला ते कायम खरंच वाटतं. चार दिवस येईल त्याला सवलत मिळत राहिली.

ही चूक पकडणारा नियम टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटमध्ये (ईएसलिंटला टाइपस्क्रिप्ट समजावणाऱ्या जोडात) आहे: नो-मिसयूज्ड-प्रॉमिसेस. आमच्याच दुसऱ्या एका प्रोजेक्टात तो आठ महिन्यांपासून चालू होता. दुकानाची फाइल मात्र त्याच्या आधी कॉपी केलेली होती. नियम माहीत होता, लिहिलेलाही होता, फक्त जिथे लागला तिथे पोचला नव्हता. तेव्हापासून आमचे नियम एकाच एनपीएम पॅकेजात (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टांत बसवता येणाऱ्या गठ्ठ्यात) राहतात.

पॅकेजचं नाव रिवाजाप्रमाणे ईएसलिंट-कॉन्फिगने सुरू करा. कंपनीचा स्कोप (पॅकेजच्या नावाआधी @ लावून येणारं कंपनीचं नाव) असेल तर स्कोपच्या पुढे नुसतं ईएसलिंट-कॉन्फिग पुरतं. आत एक इंडेक्स फाइल, आणि तिने कॉन्फिग ऑब्जेक्टांचा अ‍ॅरे एक्सपोर्ट करायचा. प्रत्येक ऑब्जेक्टाला नेम द्या, म्हणजे पुढे कुठला नियम कुठून आला ते शोधताना डोकं फुटत नाही. आम्ही दोन अ‍ॅरे ठेवलेत, एक साध्या जावास्क्रिप्टसाठी आणि एक टाइपस्क्रिप्टसाठी. रिअ‍ॅक्टचा तिसरा गरज पडल्यावर आला. पहिल्याच दिवशी दहा प्रकार करायला जाऊ नका.

आता जिथे बहुतेक जण अडकतात ती जागा. एप्रिल २०२४मध्ये ईएसलिंटची ९वी आवृत्ती आली आणि फ्लॅट कॉन्फिग (वर सांगितलेली ऑब्जेक्टांच्या यादीची मांडणी) ही डिफॉल्ट पद्धत झाली. इंटरनेटवरचे बरेच लेख मात्र अजून जुन्या ईएसलिंट-आरसी फाइलीचेच आहेत. जुन्या पद्धतीत प्लगिन (जादा नियम आणणारी पॅकेजं), ते वापरणाऱ्या प्रोजेक्टाच्या बाजूने शोधले जायचे, म्हणून ते पिअर-डिपेंडन्सीजमध्ये (वापरणाऱ्या प्रोजेक्टाकडे असायला हव्यात अशा पॅकेजांच्या यादीत) टाकावे लागत आणि सहाही प्रोजेक्टांत बसलेले असावे लागत. फ्लॅट कॉन्फिगमध्ये प्लगिन तुमच्या पॅकेजातच इम्पोर्ट होतात. म्हणून प्लगिन सरळ डिपेंडन्सीजमध्ये (तुमच्या पॅकेजासोबत आपोआप बसणाऱ्यांच्या यादीत) लिहा. पिअर-डिपेंडन्सीजमध्ये ठेवायचा तो खुद्द ईएसलिंट, कारण तो प्रोजेक्टाचा एकच असायला हवा. आमच्या कॉन्फिगला टाइपस्क्रिप्ट लागतं, तेही तिथेच.

टाइप बघून चालणाऱ्या नियमांना पार्सर-ऑप्शन्समध्ये (कोड वाचणाऱ्या भागाच्या सेटिंगमध्ये) प्रोजेक्ट-सर्व्हिस ट्रू करावं लागतं. मात्र टीएसकॉन्फिग-रूट-डिर (टाइपस्क्रिप्टची सेटिंग फाइल टीएसकॉन्फिग कुठल्या फोल्डरात शोधायची ते) पॅकेजात लिहू नका. पॅकेजाच्या फाइलीतून आपल्या फोल्डरचा पत्ता विचारलात तर तो नोड-मॉड्यूल्सच्या (बसवलेली पॅकेजं जातात त्या फोल्डरच्या) पोटातला मिळतो, आणि मग टीएसकॉन्फिग सापडत नाही. ही एक ओळ प्रत्येक प्रोजेक्टाच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये हवी. माझा अख्खा दिवस यात गेलाय.

नियम निवडताना माझी कसोटी एकच: यामुळे खरी चूक पकडली जाते का? तीन बरोबर-चिन्हांची सक्ती, न वापरलेली व्हेरिएबल्स, हवेत सोडलेली प्रॉमिसेस, हे सगळं आत. स्पेस, कॉमा, अवतरणचिन्हं बाहेर, ते काम प्रीटियरचं (कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या साधनाचं). ईएसलिंटनेही २०२३मध्ये फॉरमॅटिंगचे आपले नियम डेप्रिकेट केले, म्हणजे यापुढे वापरू नका असं सांगितलं. आणि वॉर्निंग ठेवूच नका. पिवळ्या ओळींची सवय झाली की लाल ओळही नजरेतून सुटते. नियम एकतर एरर, नाहीतर बंद. प्रत्येक नियमाच्या वर तो का आहे, हे एका ओळीत मराठीत लिहा. नवीन आलेला मुलगा कारण वाचतो आणि नियमाशी भांडत बसत नाही. कुणाला नियम पटत नसेल तर त्याने त्या ओळीवर पुल रिक्वेस्ट (बदलाचा प्रस्ताव) टाकावी, आपल्या फाइलीत गुपचूप डिसेबल लिहू नये.

जुन्या प्रोजेक्टात पॅकेज टाकलं की शेकडो एरर येतात आणि टीमचं तोंड उतरतं. अशा वेळी नियम सैल करू नका. ईएसलिंट ९.२४पासून सप्रेस-ऑल हा पर्याय आहे: आजच्या सगळ्या एररची नोंद एका जेसन फाइलीत होते, ती फाइल कमिट करायची. जुनं माफ, नवं मात्र अडतं. हळूहळू जुनं दुरुस्त होईल तसं प्रून-सप्रेशन्स चालवून नोंदी कमी करा. न चालवल्यास ईएसलिंट स्वतःच अडून बसतो, आणि ते चांगलंच आहे.

प्रसिद्ध करायला खासगी रजिस्ट्री (पॅकेजं ठेवायचं कंपनीचं कोठार) नसेल तर गिटचा पत्ता आणि टॅग पुरतो. आधी मात्र एनपीएम पॅकने गठ्ठा बनवून एका प्रोजेक्टात बसवून बघा. त्याऐवजी एनपीएम लिंकने (पॅकेजाचा फोल्डर नुसता जोडून) चाचणी घेतलीत तर ईएसलिंटच्या दोन प्रती समोर येतात आणि पॅकेजात घालायची राहून गेलेली फाइलही लक्षात येत नाही. आवृत्तीबाबत आम्ही कडक आहोत: नवीन एरर देणारा नियम म्हणजे मेजर (आवृत्तीतला पहिला आकडा वाढतो). काल पास झालेला बिल्ड आज पडणार असेल तर टीमला ते आकड्यातच दिसलं पाहिजे. नियम सैल झाला तर पॅच (शेवटचा आकडा वाढतो).

बसवल्यावर प्रोजेक्टात एखाद्या फाइलीवर प्रिंट-कॉन्फिग चालवा. त्या फाइलीला शेवटी कुठले नियम लागले, ते समोर येतं. फाइल्सचा पॅटर्न चुकून टीएसएक्स फाइली (रिअ‍ॅक्टच्या टाइपस्क्रिप्ट फाइली) सुटल्याचं आम्हाला तिथेच कळलं.

पॅकेजाची स्वतःची टेस्टही लिहा. आमच्या रेपोत चुकीच्या फाइलींचा एक फोल्डर आहे. ईएसलिंटच्या एपीआयने त्या तपासायच्या आणि अपेक्षित एरर आला नाही तर टेस्ट फेल. त्यातली पहिली फाइल नऊ ओळींची आहे: कूपनची तीच अट, अवेट नसलेली. प्लगिन अपडेट केला की मी आधी तिचा निकाल बघते, मगच टॅग टाकते.