ऑर्थोडॉन्टिस्टनो, संघटनेत राहूनही होणाऱ्या या चुका टाळा

मराठवाड्यातल्या बऱ्याच ऑर्थोडॉन्टिस्टचा, म्हणजे वाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांचा, आठवडा वाटून गेलेला असतो. स्वतःचं क्लिनिक छत्रपती संभाजीनगरला किंवा नांदेडला, आणि ठरलेल्या वारी जालना, बीड, परभणीला कन्सल्टंट म्हणून फेरी. या धावपळीत अडलेल्या केसवर बोलायला आपल्याच विषयातलं माणूस भेटत नाही. संघटना हवी ती यासाठी.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे शेजारच्या ऑर्थोडॉन्टिस्टला प्रतिस्पर्धी समजून टाळणं. आपले पुष्कळ पेशंट शाळकरी मुलं. उपचार दीड-दोन वर्षांचा, मध्येच दहावी होते आणि मुलगी क्लाससाठी लातूरला किंवा पुण्याला जाते. तोंडात तारा तशाच. तिथला डॉक्टर ओळखीचा असेल तर एका फोनवर सगळं ठरतं: ब्रॅकेट (दातावर चिकटवलेला तार धरणारा तुकडा) एमबीटी पद्धतीचा की रॉथ, त्यातली तारेची खाच म्हणजे स्लॉट किती, कोणते दात काढलेत, जागा किती बंद झाली, फी किती जमा आहे. ओळख नसेल तर ती मुलगी क्लिनिकं हिंडत राहते. दुसऱ्याची अर्धवट केस, तीही रेकॉर्डशिवाय, हातात घ्यायला कोणीही कचरणारच. सुरुवातीचे एक्स-रे, फोटो आणि दातांची मॉडेल पेशंटसोबत पाठवणं ही आपली जबाबदारी आहे.

इंडियन ऑर्थोडॉन्टिक सोसायटी १९६५ पासून काम करते आहे. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करताना विद्यार्थी सदस्यत्व सगळेच घेतात, क्लिनिक सुरू झालं की आजीव सदस्यत्वाचा अर्ज मात्र मागे पडतो. तो पदवी मिळताच भरा. वार्षिक परिषदेत निम्मा वेळ कंपन्यांच्या स्टॉलवर घालवू नका. ब्रॅकेट नंतरही मागवता येतात.

दुसरी मोठी चूक म्हणजे फक्त छान संपलेल्या केसेस दाखवणं. वर अडकलेला सुळा ओढताना शेजारच्या दाताचं मूळ झिजलं, रिटेनर (उपचारानंतर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) न लावल्याने दात पुन्हा वाकडे झाले, अशी केस मांडली तरच ज्येष्ठ डॉक्टर मनापासून बोलतात. मला संघटनेतली ही देवाणघेवाण सर्वांत मोलाची वाटते. इंडियन बोर्ड ऑफ ऑर्थोडॉन्टिक्सची परीक्षा ऐच्छिक आहे, पण तिच्या तयारीने रेकॉर्ड ठेवण्याची शिस्त लागते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र पेशंटचा पूर्ण चेहरा आणि नाव संमतीशिवाय टाकू नका.

पदासाठी घाई नको. आधी एखाद्या शाळेतलं दंततपासणी शिबिर अंगावर घ्या. १५ मे हा जागतिक ऑर्थोडॉन्टिक आरोग्य दिन असतो, पण तेव्हा आपल्याकडे शाळांना सुट्ट्या, म्हणून शिबिर जूननंतर ठेवा. मुलांची पहिली ऑर्थोडॉन्टिक तपासणी सातव्या वर्षापर्यंत व्हावी, हे पालकांना तिथेच सांगता येतं.

आणि जवळपास अभ्यासगटच नसेल तर? चौघं पुरेत. संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयातल्या ऑर्थो विभागात विचारून बघा, नाहीतर कोणाच्याही क्लिनिकमध्ये रविवारी बसा. प्रत्येकाने एकच अडलेली केस आणायची, सेफॅलोग्राम (डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे) आणि ओपीजीसह (पूर्ण जबड्याचा एक्स-रे).