कॉलेजच्या थ्रिलरमधला संशयित कसा लिहावा

पंधरा मिनिटांच्या फिल्मची कथा तयार आहे, टीम जमली आहे, कॅमेरा कुणाकडून मिळणार हे ठरलंय, असं धरून चालतो.

आधी पात्रांची यादी करा. कोण मरतं, कोण शोध घेतं, संशय कुणावर येतो, आणि कोण नुसतं फाटक उघडतं. प्रत्येकापुढे काम, आडनाव आणि बोली लिहा. अर्ध्या तासात होतं. मी पाहिलेल्या बहुतेक याद्या सारख्याच निघाल्या: मरणारी मुलगी, तिला शोधणारा मित्र, प्रमाण मराठी बोलणारा इन्स्पेक्टर आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा वॉचमन. संशय अर्थात वॉचमनवर.

आता अवघड काम. थ्रिलरला संशयित लागतोच, आणि पंधरा मिनिटांत तो उभा करायला वेळ नसतो. मग लिहिणारा प्रेक्षकाच्या मनातला पूर्वग्रह उसना घेतो. घरकामाला येणाऱ्या मावशी, दाढीवाला मेकॅनिक, रात्री पार्सल घेऊन आलेला परप्रांतीय मुलगा. काहीच घडवावं लागत नाही, त्यांना नुसतं दारात उभं केलं की पुरतं.

मीही हेच केलं होतं. हॉस्टेलमधून एक मुलगी नाहीशी होते, अशी आमची गोष्ट होती. शोध भलत्या दिशेला जावा म्हणून मी एका पात्राच्या तोंडी वाक्य घातलं, ‘मैदानापलीकडे पारध्यांची पालं आहेत, आधी तिथे बघा.’ त्या वाक्याचे सात टेक झाले. बूम, म्हणजे लांब दांड्यावरचा माइक, धरून उभा असलेला आमचा मित्र पारधी समाजातला होता, आणि हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. हेडफोनमधून त्याने ते वाक्य सात वेळा ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो शूटला आला नाही, पुढेही कधी आला नाही.

हे वाक्य मला सुचलं कुठून, ते मी नंतर शोधलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो देशभर पसरला आणि पारध्यांसह कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर काटेरी तारेच्या आत वसाहत होती, त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभरातून हा कायदा गेला. माझ्या वाक्यात मात्र तो तसाच शाबूत होता.

तेव्हापासून मी प्रत्येक संशयितासाठी एक वाक्य लिहायला लावतो: ‘प्रेक्षकाला याचा संशय येतो, कारण तो…’ पुढे कृती आली तर ठेवा. नुसती ओळख आली तर काढा. ‘कारण तो रात्रपाळीचा वॉचमन आहे’ हे कारण नाही. ‘कारण त्याने मुलगी परतल्याची वेळ रजिस्टरमध्ये खोडली’ हे कारण आहे. मग तीच कृती सोसायटीच्या चेअरमनला, निवृत्त बँक मॅनेजरला देऊन बघा. संशय टिकला तर तो प्रसंगावर उभा आहे. कोसळला तर तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

इथे तीन सल्ले हमखास मिळतात आणि तिन्ही वाईट आहेत. पहिला, ‘शेवटी तो निर्दोष निघतो ना, मग काय बिघडलं?’ बिघडतं. बारा मिनिटं तुमची फिल्म त्या पूर्वग्रहावरच चालली, तीस सेकंदांच्या खुलाशाने ती भरपाई होत नाही. दुसरा, ‘नाव, भाषा, गाव काहीच ठेवू नका.’ मग पात्रच उरत नाही. वॉचमन बिहारचा असू दे, त्याला घरी फोन करू दे, त्याची चिडचिड होऊ दे. तिसरा, ‘खुनी मनोरुग्ण दाखवा, कुणी दुखावणार नाही.’ माझ्या टीममध्ये हा शेवट मी चालू देत नाही. त्या आजाराशी झगडणारी माणसं आणि त्यांची घरं प्रेक्षकांतच बसलेली असतात.

शूटिंगच्या दिवशी साचा मागच्या दाराने परत येतो. सावळ्या नटावर खालून लाइट मारला जातो, वॉचमन आला की पार्श्वसंगीतात खर्जातली घरघर सुरू होते. कॅमेरा सगळ्यांना एकाच उंचीवरून बघू द्या. संशय एडिट टेबलवर तयार होतो. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा निर्विकार चेहरा सूपच्या वाटीला, मग शवपेटीला जोडला. बघणाऱ्यांना आधी भूक दिसली, मग दुःख. चेहरा तोच होता. तुमच्या चेअरमनचा साधा क्लोजअप आणि त्यापाठोपाठ खोडलेलं रजिस्टर, एवढं पुरतं.

ज्या समाजातलं पात्र आहे, त्यातल्या कुणाला तरी स्क्रिप्ट शूटच्या आधी वाचायला द्या. शूट झाल्यावर विचारणं म्हणजे फक्त होकार मागणं.

रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जोडणी, झाली की टीमबाहेरचे आठ-दहा जण बसवा. चौथ्या मिनिटाला फिल्म थांबवा आणि चिठ्ठीवर लिहून घ्या: संशय कुणावर, आणि का? तोंडी विचारू नका, लोक सावरून बोलतात. चिठ्ठीवर ‘रजिस्टर खोडलं म्हणून’ आलं तर पुढे जा. ‘दिसतोच तसा’ असं एकाही चिठ्ठीवर आलं, तर त्या पात्राचा पहिला शॉट काढा आणि वेगळ्या तऱ्हेने पुन्हा लावा.