द्राक्षपट्ट्यातल्या चढउतारांवर रोड सायकल: सोलापूरकरांनो, या चुका टाळा

सोलापुरातून कुठल्याही दिशेला निघालं तरी पहिले वीसेक किलोमीटर रस्ता जवळपास सपाटच. नान्नजच्या द्राक्षबागा बघत बार्शी रस्त्याने जा, नाहीतर मोहोळकडे जा. त्यामुळे सायकलही सपाटीसाठीच लावलेली राहते आणि पायांनाही तेच वळण पडतं. मग एखाद्या रविवारी सायकली गाडीवर टाकून अकलूज गाठायचं, मोटेवाडी-गारवाडच्या वाइन द्राक्षांच्या मळ्यांतून फिरायचं आणि नातेपुत्याहून शिखर शिंगणापूर चढायचं असा बेत ठरतो. तिथे जे बिघडतं त्यातलं बरंचसं घरीच, आदल्या आठवड्यात, दुरुस्त करता आलं असतं.

गिअर सपाटीचे, रस्ता चढाचा

जुन्या रोड सायकलींना पुढे ५३ आणि ३९ दातांची दोन चक्रं आणि मागे ११ ते २५ दातांचं कॅसेट (चक्रांचा गठ्ठा) असतं. पुढे ३९, मागे २५ ठेवून पेडलच्या मिनिटाला ७० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी १४ किमीच्या जवळ येतो. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर ७ टक्के चढावर या वेगाला अडीचशे वॅटहून जास्त ताकद लागते. ती फार वेळ टिकवणं बहुतेक हौशी लोकांना जमत नाही. मग फेऱ्या चाळीसवर येतात, सगळा भार गुडघ्यांवर जातो आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना दुखतं. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर त्याच ७० फेऱ्यांना वेग साडेनऊच्या आसपास राहतो आणि पावणेदोनशे वॅटमध्ये काम भागतं. चढाला मागे किमान ३२ दात हवेतच. ‘मला २८ पुरतो’ हे तुळजापूरच्या घाटात एकदा बसूनच, न उठता, पडताळून बघावं.

नुसतं मोठं कॅसेट आणून बसवू नका. रिअर डिरेल्युअर म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, आणि केज म्हणजे त्याच्या दोन पुलींची चौकट. आखूड केजचा डिरेल्युअर साधारण २८ किंवा ३० दातांपर्यंतच चालतो. ३२-३४ साठी मधल्या किंवा लांब केजचा लागतो. मॉडेलची कमाल मर्यादा आधी बघा. चेनही नव्याने मोजावी लागते: पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चक्रावरून, डिरेल्युअरमध्ये न ओवता, चेन गुंडाळायची, टोकं जुळतात तिथे आणखी दोन कड्या धरायच्या आणि तोडायची. जुनी आखूड चेन तशीच ठेवली आणि चुकून मोठं-मोठं लागलं, तर डिरेल्युअर उपटून निघू शकतो.

आता खास सपाटीवाल्यांची चूक. सोलापुरात मागचं सगळ्यात मोठं चक्र महिनोन्‌महिने वापरलं जात नाही. त्यामुळे डिरेल्युअरचा ‘एल’ स्क्रू, म्हणजे त्याला स्पोकच्या बाजूला ठरावीक जागी थांबवणारा स्क्रू, चुकीचा लागलाय हे कळतच नाही. ते कळतं ऐन चढावर, जेव्हा चेन त्या चक्रावरून पलीकडे उडी मारून स्पोकमध्ये घुसते. तपासायला पाच मिनिटं पुरतात. मागचं चाक उचलून धरा, पेडल फिरवत सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन न्या आणि मागून बघा: वरची छोटी पुली बरोबर त्या चक्राच्या खाली, एका रेषेत दिसली पाहिजे. मग पेडल फिरत असतानाच डिरेल्युअर बोटाने हळूच स्पोकच्या दिशेने ढकला. चेन चक्र सोडायला बघत असेल तर ‘एल’ स्क्रू पाव-पाव फेरा उजवीकडे आवळत पुन्हा बघा. पुलींची चौकट उभी न दिसता आत कललेली दिसली, तर हँगर, म्हणजे डिरेल्युअर फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकलाय. गाडीत सायकल उजव्या अंगावर आडवी टाकली की हे हमखास होतं. स्क्रू फिरवून ते सुटत नाही. दुकानात हँगर सरळ करून घ्यावा लागतो.

चेन मोठ्या चक्रावर जायला रेंगाळत असेल, तर केबल ताणणारा गोल खटका डावीकडे पाव फेरा. छोट्यावर यायला रेंगाळत असेल, तर उजवीकडे.

पुढचा गिअर चढ सुरू व्हायच्या आधी पाडा. पूर्ण जोर लावलेला असताना ५० वरून ३४ वर आणलं की चेन आतल्या बाजूला पडते, तीही वेग संपलेला आणि बूट पेडलला अडकलेला असताना.

हवा, सराटे आणि तारा

टायरवर ‘कमाल १२०’ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) लिहिलंय म्हणून १२० भरू नका. ७५ किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये ८० पीएसआयच्या आसपास, २८ मिमीमध्ये ६५ ते ७० पुरते; पुढे पाचेक पीएसआय कमी. जास्त हवेने टायर मळ्यांकडच्या खडबडीत डांबरावर उड्या मारतो आणि उतारावरच्या वळणात पकड सोडतो.

वेड्या बाभळीचे काटे आणि सराटे सोलापूरकरांना नवीन नाहीत. बागांच्या कडेला त्यात मांडवाच्या तारांच्या तुकड्यांची आणि छाटणीच्या काड्यांची भर पडते. ट्यूब बदलण्याआधी पंक्चरचं भोक शोधा, ट्यूब व्हॉल्व्हच्या जागेनुसार टायरवर धरा आणि टायरमध्ये नेमक्या त्या ठिकाणी काय अडकलंय ते बघा. मग आतून सगळीकडे कापड फिरवा. उघडं बोट नको, तार कापते. ही पायरी गाळली की दहा मिनिटांत दुसरं पंक्चर.

रोड सायकलच्या ट्यूबला असतो त्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हचा पितळी अडॅप्टर जवळ ठेवाच. त्याच्याशिवाय माळशिरस रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसर असूनही तुमच्या चाकात हवा जात नाही.

बागेच्या कडेने जाताना

ट्रॅक्टरचा औषध फवारणारा ब्लोअर चालू दिसला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा आणि धुकं बसू द्या. चढावर श्वास खोल आणि जोरात चाललेला असतो, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. घड तोडून खाऊ नका: औषध मारल्यानंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात आणि ते फक्त बागायतदाराला माहीत असतात. ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात. त्या दिवसांत काड्यांना हात लावू नका. हे रसायन अंगात गेल्यावर दारू किंवा वाइन प्यायली तर चेहरा लाल होणं, धडधडणं, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो. वाइनच्या गावी हे लक्षात ठेवायलाच हवं.

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जानेवारीपासून वाइन द्राक्षांची काढणीही दिसते. पण हेच दिवस उसाचेही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात आणि वळणावर मागची ट्रॉली आत येते, म्हणून वळणात ओव्हरटेक नको. दवाने ओलं झालेलं पाचट निसरडं असतं. त्यावर ना ब्रेक, ना वळण.

खाणं-पिणं

पहिल्या चढावर जोर करून मित्रांना मागे टाकायचं आणि शिंगणापूरच्या पायथ्याशी रिकामं व्हायचं, हा नेहमीचा प्रकार. पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने पहिला तास काढा. तासाला ५०० ते ७५० मिली पाणी, आणि अर्ध्या तासापासूनच खायला सुरुवात. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. ५० ग्रॅम बेदाण्यात सुमारे ४० ग्रॅम मिळतात; पंढरपूर भागातला बेदाणा कुठल्याही महागड्या जेलला पुरून उरतो. शेंगा चटणी आणि कडक भाकरी परतल्यावर खा, चढावर तेल पचत नाही. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट ५०० मिलीच्या बाटलीत ओतू नका. द्रावण दुप्पट खारट होतं, मळमळतं आणि पाणी पिणंच थांबतं.

उतार

शिंगणापूरहून उतरताना ब्रेक सतत घासत धरू नका. रिम किंवा डिस्क तापते आणि दाब वाढवूनही वेग कमी होत नाही. वळणाआधी दोन्ही ब्रेक एकाच वेळी, ठाम दाबा, वेग पाडा, सोडा आणि मग वळा. हात ड्रॉपवर, म्हणजे हँडलच्या खालच्या वळलेल्या भागावर, आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पेडल खाली. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर घासणारे) असतील तर आदल्या दिवशी पॅड काढून उन्हात तिरपे धरा. रबरात चमचमणारे अॅल्युमिनियमचे कण दिसतील. सुईने काढून टाका, नाहीतर तेच रिम खरवडतात. डिस्कचं पॅड अर्ध्या मिलिमीटरवर आलं असेल तर बदलूनच निघा. चैत्रात कावडी आणि भाविकांनी रस्ता भरलेला असतो. तेव्हा हा बेत करूच नका.

वाइन

चाखायची तर सायकल गाडीवर चढवल्यानंतर, आणि गाडी न चालवणाऱ्याने. दोन घोटांनीही उतारावरचा अंदाज चुकतो, शिवाय उन्हात घाम गाळलेल्या शरीराला ती लवकर चढते. अकलूजची फ्रातेल्ली वायनरी बघायची असेल तर आधी फोन करून वेळ ठरवा; सायकलचे बूट घालून अवचित दारात उभं राहणं बरं नव्हे. ७५० मिलीची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. ती जर्सीच्या खिशात किंवा बाटलीच्या केजमध्ये कोंबू नका: पडलात तर काच पाठीत जाते. गाडीतही सीटखाली सावलीत ठेवा, कारण बंद गाडीच्या उन्हात वाइन दुपारभरात बिघडते.