घटस्फोटात घर आणि कर्ज वाटताना या चुका टाळा

परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, घर कुणाला? घोडबंदर रोडला नाहीतर खारघरला वीस वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेला टू बीएचके असतो आणि दोघांची सगळी कमाई त्यातच अडकलेली असते. त्या घरावरचं कर्ज कुणाच्या नावावर राहणार, हे मात्र तितक्या जोराने कुणी विचारत नाही. निकालानंतर दोन-तीन वर्षांनी पुन्हा वाद उभा राहतो, तो बहुतेक वेळा इथूनच. पुढचं सगळं मुख्यतः हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांना धरून लिहिलं आहे.

‘कायद्याने अर्धं-अर्धं मिळतंच’ असं धरून चालणं

आपल्याकडे लग्नानंतर कमावलेली मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातलं कलम २७ लग्नाच्या वेळी किंवा त्याच सुमाराला भेट मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंपुरतं आहे. बाकी ठिकाणी नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, हेच पाहिलं जातं. म्हणून खात्याचे उतारे, डाऊन पेमेंटचे चेक, माहेरून किंवा सासरहून आलेल्या रकमेची नोंद आधी गोळा करा.

‘घर नवऱ्याच्या नावावर आहे, म्हणजे बायकोला काहीच नाही’ हा समजही तितकाच चुकीचा आहे. याच कायद्याच्या कलम २५ खाली कायमची पोटगी मागता येते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी सामायिक ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये सांगितलं. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे, पण वाटाघाटीत तो विसरू नये.

फ्लॅटची किंमत वाटणं, कर्ज वजा न करता

समजा, फ्लॅटची आजची किंमत ९५ लाख, कर्ज बाकी ५२ लाख. वाटायचे आहेत ४३ लाख. बायकोच्या वडिलांनी डाऊन पेमेंटला १० लाख दिले होते आणि ते आधी बाजूला काढायचं दोघांना मान्य आहे. उरले ३३, प्रत्येकी साडेसोळा. घर आणि कर्ज नवऱ्याकडे राहणार असेल, तर बायकोला साडेसव्वीस लाख यायला हवेत. कागद-पेन घेऊन बसलं तर पाच मिनिटांचं काम आहे. पण ‘९५चे निम्मे’ हा आकडा डोक्यात ठेवून महिनोन्महिने वाद घातला जातो.

कर्जाचा आकडा अंदाजाने धरू नका, बँकेकडून त्या तारखेची बाकी लेखी घ्या. सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, पार्किंगचे राहिलेले पैसेही त्यात धरा. उलवे-तळोज्याकडे बांधकाम सुरू असलेला फ्लॅट असेल तर बिल्डरला द्यायचे पुढचे टप्पेही कर्जासारखेच मोजा.

आणखी एक. ४० लाखांची एफडी आणि घरातला ४० लाखांचा हिस्सा एकसारखे नसतात. जोडीदाराकडून भेट मिळालेलं घर पुढे विकलं, तर भांडवली नफा मूळ खरेदी किमतीपासून मोजतात. तो कर घर ठेवणाऱ्यालाच भरावा लागतो.

बँकेला न विचारता कर्ज वाटणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे न्यायालयात द्यायच्या दोघांच्या लेखी समझोत्यात, ‘यापुढील सर्व हप्ते पती भरेल’ असं वाक्य घालतात आणि विषय मिटला असं समजतात. त्या कागदावर बँकेची सही नसते. कर्जात दोघं सहकर्जदार, म्हणजे को-अ‍ॅप्लिकंट असतील, तर कोर्टाच्या निकालानंतरही बँकेच्या लेखी दोघंही पूर्ण कर्जाला जबाबदार राहतात. त्याने हप्ते चुकवले की तिचाही सिबिल स्कोअर खाली येतो, आणि ऐरोलीत वन बीएचके घ्यायला गेल्यावर तिच्या अर्जाला नकार मिळतो.

घटस्फोटाचा अर्ज दाखल करण्यापूर्वीच बँकेत जा. घर ठेवणाऱ्याचा एकट्याचा पगार उरलेल्या कर्जाला पुरतो का, हे बँक नव्याने तपासते. पुरत असेल तर दुसऱ्याचं नाव निघू शकतं, किंवा एकट्याच्या नावावर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवता येतं. पुरत नसेल तर घर विकून कर्ज फेडणं आणि उरलेलं वाटणं हाच प्रामाणिक मार्ग आहे. मुलांची शाळा जवळ आहे म्हणून न झेपणारं घर धरून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

घर सोडणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी. कर्जातून नाव निघाल्याचं बँकेचं पत्र हातात येईपर्यंत घरावरचा हक्क सोडू नये. मालकी गेली आणि कर्ज राहिलं, यापेक्षा वाईट अवस्था नाही. कन्सेंट टर्म्समध्ये तारीख घाला: अमुक दिवसापर्यंत नाव निघालं नाही तर घर विकायचं, त्यावर दोघांनी सही करायची आणि तोवरचे हप्ते अमुक खात्यातून जायचे.

क्रेडिट कार्डाचंही तसंच. अ‍ॅड-ऑन (त्याच खात्यावर जोडीदाराला दिलेल्या) कार्डावरचा खर्च मूळ कार्डधारकाच्याच माथी येतो. वेगळं राहायला लागल्याबरोबर ते बंद करा.

‘फ्लॅट पत्नीला देण्यात येत आहे’ एवढंच लिहिणं

एवढ्याने सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलत नाही. हस्तांतराचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचा का, हे वकिलाकडून आधीच स्पष्ट करून घ्या. नवी मुंबईत जमीन बहुतांशी सिडकोच्या भाडेपट्ट्याची, त्यामुळे नाव बदलताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्कही येऊ शकतं. ते कोण भरणार हे लिहा.

नौपाडा, पाचपाखाडी, वाशीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर तिथलं असेल तर बिल्डरचं भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) आणि वाढीव जागा कुणाची, हे आत्ताच लिहून ठेवा. आजच्या किमतीवर हिस्सा घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला वर्षभरात पुनर्विकासाचा करार झाल्याचं कळलं, तर त्याला फसवलं गेल्यासारखं वाटणारच.

मुद्रांक शुल्काचं गणित वेळेवर अवलंबून आहे. महाराष्ट्रात नवरा-बायकोने एकमेकांना राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. निकाल लागल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही आणि ही सवलत जाते. मात्र बक्षीसपत्र बिनमोबदला असतं. घराच्या बदल्यात पैसे दिले-घेतले जाणार असतील, तर दस्त कोणता आणि त्याची भाषा काय, हे वकिलानेच ठरवावं.

सगळं पहिल्याच तारखेला देऊन टाकणं

परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या कलम १३-ब मध्ये पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर न्यायालय ही मुदत माफ करू शकतं. निकाल लागेपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून रकमेचे टप्पे पाडा. काही भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि मोठा भाग अंतिम तारखेला, न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने. घराचा दस्तही त्याच दिवसांत बसवा, फार आधी नको.

पोटगी एकरकमी की दरमहा, हे ठरवताना कर लक्षात घ्या. दरमहा मिळणारी पोटगी करपात्र, एकरकमी नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३मध्ये सांगितलं आहे.

सोन्याची यादी न करणं

स्त्रीधन, म्हणजे लग्नात किंवा नंतर बायकोला मिळालेले दागिने आणि भेटी, हे तिचंच. १९८५पासून सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ते वाटणीत धरायचंच नाही. अडचण येते ती पुराव्याची. लॉकर उघडायला दोघांनी मिळून जा. पाटल्या, तोडे, मोहनमाळ, प्रत्येकाचं वजन आणि फोटो, अशी यादी दोन प्रतींत करून दोघांनी सह्या करा. तिचं सोनं तारण ठेवून घराचे पैसे भरले असतील, तर ते सोनं सोडवणं हे दोघांचं देणं म्हणून हिशेबात धरा.

पीएफ आणि नॉमिनी विसरणं

पीएफ निम्मा करून दुसऱ्याच्या खात्यात टाकता येत नाही. त्याची शिल्लक मोजा आणि तेवढी भरपाई दुसऱ्या कशातून तरी द्या. पोटगीचा दावा असेल तर २०२०च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यावंच लागतं. लपवाछपवी तिथे अंगाशी येते. विमा, बँक, डीमॅट, सोसायटी इथलं नॉमिनीचं नाव निकालानंतर आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी अर्ज द्यावा लागतो.

वकिलाच्या फीचा प्रश्न असेल तर ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात १९९४पासून घटस्फोट, पोटगी आणि त्यातून निघालेल्या मालमत्तेच्या दाव्यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे. दावा दाखल करतानाच तसा उल्लेख करा.